पाचव्या दिवसाची नोंद

राउटरवर सहा दिवे होते. चार हिरवे जळत होते, पाचवा कनेक्शन घेतल्या दिवसापासून कधी पेटलाच नव्हता, आणि सहावा आत्ता, या क्षणी, लाल झाला होता. उर्वशीने आधी घड्याळ पाहिलं, मग वही ओढली. दहा वाजून बेचाळीस मिनिटं, दहा सेकंद. तेवढं लिहून ती पेन उभं धरून बसली, कारण ओळ अजून अर्धीच झाली होती.

मागच्या अंगणात आई भिंतीपलीकडे कुणाला तरी मोठ्याने काही सांगत होती. बादल्यांचा आवाज होता, कसलीशी घरघर होती. उर्वशीने उठून दार लोटून घेतलं आणि पुन्हा दिव्यांसमोर बसली. लाल दिवा गेला तेव्हा अकरा वाजून चार मिनिटं पंचवीस सेकंद झाले होते. तिने वजाबाकी केली. बावीस मिनिटं, पंधरा सेकंद. मग ओळीच्या सुरुवातीला आकडा घातला : अकरा.

चोपन्न दिवसांत लाइन एकशे सात वेळा गेली होती. त्यातल्या शहाण्णव वेळा ती मिनिटाच्या आत परत आली. त्या नोंदी पेन्सिलीच्या होत्या. उरलेल्या अकरा पेनाच्या.

घर लोहाऱ्याला, एमआयडीसीमागच्या लेआउटमध्ये, चढावरच्या शेवटच्या रांगेत होतं. वडील उमरखेडच्या एसटी आगारात मेकॅनिक. पंधरा दिवसांतून एकदा घरी येत. आई, नंदाबाई, कारखान्यांतल्या कामगारांना डबे करून देई. दुपारचे बावीस डबे. पत्र्याखाली मोबाइलचं नेटवर्क एका काडीवर यायचं, म्हणून उर्वशीचं भौतिकशास्त्राचं एम.एस्सी. संपलं तसं त्यांनी 'तेजरेषा ब्रॉडबँड'ची लाइन घेतली होती. करार अठरा महिन्यांचा. त्याआधी सोडता येत नव्हता, आणि करारात सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलेली ओळ तीच होती.

चार फेब्रुवारीला हैदराबादच्या एका प्रयोगशाळेने तिची मुलाखत घेतली. संशोधन सहायकाची जागा होती. अकरा वाजता सुरू झाली. समोर तिघे जण होते. नवव्या मिनिटाला त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं की, थर्मोकपलने तापमान मोजताना एक टोक बर्फात का ठेवायचं. हा प्रश्न उर्वशीच्या हातचा होता. तिने तोंड उघडलं, दोन वाक्यं बोलली, आणि तिसऱ्या वाक्याला तिघांचे चेहरे जागच्या जागी थिजले. बाईंचे डोळे अर्धे मिटलेले राहिले. मोबाइलवरून जोडायला गेली तर चक्र फिरत राहिलं. अकरा एकतीसला लाइन आली तेव्हा त्या खोलीत दुसरा उमेदवार बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती चौकातल्या दुकानात गेली. लोहाऱ्याच्या सगळ्या लाइनी राजदीपभाऊ बघायचा. कंपनी नागपूरची, एजन्सी त्याची. झेरॉक्स, रिचार्ज, आधारकार्डाचं लॅमिनेशन असं बाकीचंही चालायचं, त्यामुळे काउंटरला पाच-सहा माणसं कायम टेकलेली असत. उर्वशीने शांतपणे सांगितलं की अकरा नऊला लाइन गेली, आणि तेवढं कंपनीच्या कागदावर लिहून हवं आहे. प्रयोगशाळेची मेल तिने मोबाइलवर उघडून त्याच्यासमोर धरली. सेवा त्या वेळी बंद होती असं सेवा देणाऱ्याचं लेखी पत्र वीस एप्रिलपर्यंत पाठवल्यास आपली मुलाखत पुन्हा घेता येईल, असं त्यात होतं.

राजदीपभाऊने मेल वाचली नाही. तो लॅमिनेशनच्या मशीनमधून कुणाचं तरी कार्ड ओढत होता.

"आपल्याकडून लाइन चालूच होती, ताई. तुमच्या घरचंच काही असंल. राउटर बंद करून चालू केला का?"

तिने केला होता. तसं तिने सांगितलं. तेव्हा त्याने कार्ड उजेडात धरून पाहिलं आणि तिच्याकडे न बघता, पण काउंटरवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"मुलाखत बिघडली का सगळ्यायचंच नेट जाते."

पाचही जण हसले. त्यांच्यात तिचे शाळेतले गणिताचे सर होते. ते हसले आणि मग त्यांनी मान दुसरीकडे केली.

त्या संध्याकाळी उर्वशीने दोनशे पानी वही घेतली.

तिने सुरुवातीला फक्त वेळ लिहिली. मग लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दर पाच सेकंदांनी लाइन जिवंत आहे का ते विचारायचा आणि उत्तर साठवायचा. तरी वही तिने सोडली नाही. प्रोग्रॅम तिचा पुरावा होता आणि वही तिचा राग. रोज रात्री झोपण्यापूर्वी ती त्या दिवसाच्या ओळी पुन्हा वाचायची. राजदीपभाऊ त्याच काउंटरला उभा आहे, हातात पेन आहे, 'आमच्याकडून लाइन बंद होती' असं आपल्या अक्षरात लिहितो आहे, आणि सरांसकट सगळे ते बघताहेत, एवढं चित्र डोळ्यांसमोर आल्याशिवाय तिला झोप येत नसे. चित्रात दर वेळी तपशील वाढत. पेन कोणत्या रंगाचं, पंखा चालू की बंद.

एकतीस मार्चला, अकराव्या नोंदीनंतर, तिने अकराही तारखा आलेखावर मांडल्या. ठिपके पडले ते मोजून पाचव्या दिवसावर. एकदा चार दिवसांनी, एकदा सहा, बाकी सगळे पाच. वेळ नेहमी सकाळी दहा ते साडेअकराच्या मधली. लांबी एकवीस ते चोवीस मिनिटं. तारखा मागे मोजत नेल्या तर चार फेब्रुवारी बरोबर त्याच माळेत बसत होती.

ती बराच वेळ आलेखाकडे पाहत राहिली. बिघाड असा घड्याळ लावून येत नाही. हे कुणीतरी करत होतं. नवी कनेक्शनं जोडायला राजदीप दर पाचव्या दिवशी लाइन बंद करत असावा, असा तिचा अंदाज होता. तिने आलेख जोडून नागपूरला तक्रार पाठवली. तिसऱ्या दिवशी तक्रार विभागातल्या बाईंचा फोन आला. बोलणं सभ्य होतं. तुमच्या भागाचा जो वितरण-डबा आहे त्याला चार तासांची बॅटरी आहे, तसं एजन्सीने लिहून दिलेलं आहे, त्यामुळे वीज गेली तरी लाइन जात नाही, असं त्या म्हणाल्या. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर डब्याचा आणि त्याच्या वीजजोडणीचा फोटो पाठवा. फोटो असेल तर आम्ही माणूस पाठवू.

"डबा कुठे आहे?"

"ते एजन्सीला माहीत असतं, मॅडम."

पाच एप्रिलला सकाळी साडेनऊला उर्वशी घराबाहेर पडली आणि आपल्या भिंतीतून निघणारी काळी वायर डोळ्यांनी धरून चालू लागली. आईने विचारलं, कुठं चालली उन्हाची. ती म्हणाली, आलेच.

वायर विजेच्या खांबावरून दुसऱ्या खांबावर गेली, तिथून तिसऱ्यावर. तिला वाटलं होतं ती चौकाकडे उतरेल. ती वळली. मागच्या गल्लीत शिरून चौथ्या खांबावर आणखी सात-आठ वायरींत मिसळली आणि सगळा जुडगा एका घराच्या पडवीत उतरला. ते घर तिच्या घराच्या पाठीला पाठ लावून होतं. मधे एक भिंत. तिथं जुबैदाचाची आणि मन्सूरचाचा राहत. चाचांचं बसस्टँडमागे मोटर वाइंडिंगचं दुकान होतं.

पडवीच्या भिंतीवर, पाण्याच्या माठाच्या वर, पत्र्याचा एक राखी डबा ठोकलेला होता. सगळ्या वायरी त्यात जात होत्या. डब्याच्या खाली बॅटरी ठेवायची लोखंडी फळी होती, आणि फळीवर चाचींनी मिठाची बरणी, दोन निरांजनाएवढे दिवे आणि एक कंगवा ठेवलेला होता. बॅटरी नव्हती. डब्यातून निघालेली पांढरी वायर भिंतीवरच्या एकमेव बोर्डाला जोडलेली होती.

"ये बेटा," चाची म्हणाल्या. त्या जमिनीवर बसून एका हिरव्या मोटरला पाइप बसवत होत्या. "तुह्या मायनं पाठवलं का? सांग तिले, आता येतेच नळ."

उर्वशीने विचारलं, हा डबा कधीपासून आहे. चाचींनी सांगितलं, दोन वर्षं झाली. राजदीपने ठोकला. लाइट त्यांची वापरतो म्हणून त्यांना नेट फुकट दिलं, गझाला त्याच्यावरच अभ्यास करते. गझाला म्हणजे त्यांची नात, बारावीतली. पहिल्यांदा एक जड बॅटरी होती, ती तो सहा महिन्यांनी घेऊन गेला, परत आणतो म्हणाला.

मग नळाने खाकरल्यासारखा आवाज केला. चाची गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, बोर्डाजवळ गेल्या, पांढऱ्या वायरीची पिन काढली आणि तिथं मोटरची पिन बसवली. डब्यातले हिरवे ठिपके एकदम विझले. मोटर घरघरू लागली.

उर्वशीने मनगटाकडे पाहिलं. दहा सव्वीस.

"चाची, ही पिन तुम्ही काढता?"

"मंग? बोर्ड एकच हाय न. मोटर कुठं लावू?" चाचींनी पाइपाचं दुसरं टोक उचललं आणि भिंतीवरून पलीकडे सोडलं. "राजदीपलेच इचारलं होतं मी. तो म्हने, चाची, पाण्याच्या टायमाले खुशाल काढत जा, वीस मिन्टानं कोणी मरत नाई."

पाइप भिंतीवर जिथं टेकला होता तिथं वर्षानुवर्षांच्या घासण्याने खाच पडलेली होती. पलीकडून आईचा आवाज आला.

"आलं हो, जुबैदा. येऊन राह्यलं."

तो आवाज उर्वशीने दर पाचव्या दिवशी ऐकला होता. ती घरघरही ऐकली होती. ऐकलं की ती दार लोटून घ्यायची. नळाला पाणी कधी येतं, ड्रम कोण भरतं, चढावर करंगळीएवढी धार येत असताना बावीस डब्यांचं पाणी कुठून निघतं, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. बारावीपासून आईचा एकच हुकूम होता : पाण्याचं मी पाहीन, तू आत बस.

चाची भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पदराने मान पुसली.

"पह्यले तुमचा ड्रम भरून देते, मंग माह्या टाकीत सोडते. तुह्या मायचे डबे जाते न बाराले. अन तू शिकून राह्यली. घरात शिकनारी पोरगी असंल तं पाण्याची कटकट नाई पाह्यजे."

दहा पस्तीसला पलीकडून आईने "झालं" म्हणून सांगितलं आणि चाचींनी पाइप आत ओढून आपल्या टाकीत सोडला. नऊ मिनिटं तिच्या घराची होती, उरलेली चाचींची.

घरात कपाटावर एक एक्स्टेन्शन बोर्ड होता. चार पिनांचा, नवा, खोक्यातला. तो आणून इथं लावायला दोन मिनिटं लागली असती आणि बावीस मिनिटांची नोंद वहीत पुन्हा कधी आली नसती. हे तिच्या मनात मोटर चालू असतानाच आलं होतं. ती तिथंच उभी राहिली. लाइन सुधारली असती तर राजदीप म्हणाला असता, पाहा, काही प्रॉब्लेम नव्हताच.

त्याला सगळं माहीत होतं. ती मेल समोर धरून उभी होती तेव्हाही त्याला माहीत होतं की चार तारखेला पाण्याचा दिवस होता.

तिने मोबाइल काढला.

"एक फोटो काढते, चाची. नेटवाल्याले दाखवाले."

"काढ न. माह्या तोंडाचा नको काढू पण, केस नाई विंचरले आज."

चाचींचा चेहरा फोटोत आला नाही. डबा आला, त्याखालची रिकामी फळी आली, बोर्ड आला, लोंबकळणारी पांढरी पिन आली. मोटरची पिन बोर्डात दाबून धरणारा बांगड्यांचा हात आला, कारण ती पिन ढिली होती आणि अधूनमधून धरावी लागायची. खाली कोपऱ्यात हिरवी मोटर होती, आणि मोटरपासून थेट नळाला गेलेला पाइप.

नळाला मोटर लावायला बंदी होती. तरी लेआउटमध्ये चौदा घरांनी ती लावलेली होती, हे लहान पोरालाही ठाऊक होतं, आणि दर उन्हाळ्यात पाणीवाल्यांची जीप एखाद्या घरची उचलून नेई. ज्याची सापडली त्याची.

घरी आल्यावर उर्वशीने फोटो लॅपटॉपवर घेतला. कापण्याची चौकट खालच्या कोपऱ्यातून वर सरकवली. मोटर नाहीशी झाली. हात नाहीसा झाला. उरला डबा आणि लोंबकळणारी पिन. ती राजदीपच्या जागी स्वतःला ठेवून त्या फोटोकडे पाहू लागली. तो म्हणेल, दुरुस्तीच्या वेळचा फोटो आहे. म्हणेल, बॅटरी सर्व्हिसिंगला होती. त्या बोर्डात दुसरं काहीतरी खुपसलेलं दिसल्याशिवाय त्याचं तोंड बंद होणार नव्हतं.

फोटो नुसता त्याला दाखवला असता तरी पत्र मिळालं असतं. तेही तिला कळत होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावून त्याने ते चटकन लिहून दिलं असतं, चहा पाजला असता. पण मग काउंटरवरचं ते हसू होतं तिथंच राहिलं असतं.

तिने चौकट खाली ओढली. मोटर पुन्हा आली. फोटोखाली तिने तारीख, वेळ, बारावा खंड, बावीस मिनिटं चाळीस सेकंद असं लिहिलं आणि नागपूरला पाठवून दिला. पाठवण्याआधी रिकाम्या फळीभोवती वर्तुळ करून 'बॅटरी नाही' असंही लिहिलं. ते वर्तुळ मात्र तिने फार काळजीने काढलं, मोटरीपासून लांब.

आईने आतून विचारलं, जेवतं का. ती म्हणाली, वाढ.

सोळा एप्रिलला नागपूरहून दोन माणसं आली. त्यांनी डबा चाचींच्या पडवीतून काढला, चौकातल्या दुकानात नेऊन बसवला आणि खाली नवी बॅटरी ठेवली. राजदीपकडून आधीची बॅटरी कुठं गेली ते लिहून घेतलं. दुसऱ्या एका गल्लीत त्याच्या बायकोच्या भावाकडे इन्व्हर्टरला लावलेली निघाली, असं दुकानात लॅमिनेशनला येणारे लोक नंतर सांगत होते. एजन्सी काढून घेतली नाही, पण तीन महिने नवीन कनेक्शन द्यायला बंदी घातली. पत्रही त्याने स्वतःच्या हाताने आणि ग्राहकासमोर द्यायचं, असं तक्रार विभागातल्या बाईंनी लिहून पाठवलं.

एकोणीस तारखेला उर्वशी दुकानात गेली. ती गर्दीची वेळ निवडून गेली. सर नव्हते, बाकी सहा जण होते. ते तिने आत शिरताच मोजले. राजदीपने ड्रॉवरमधून कागद काढला. पेन निळं होतं. पंखा चालू होता, त्यामुळे कागद त्याला डाव्या हाताने दाबून धरावा लागला. त्याने सही केली, शिक्का मारला.

"वाचून दाखवा," उर्वशी म्हणाली.

त्याने वर पाहिलं. काउंटरवरचे बोलायचे थांबले. मग त्याने वाचलं. चार फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटांपासून अकरा वाजून एकतीस मिनिटांपर्यंत आमच्या वितरण-डब्याचा वीजपुरवठा खंडित असल्याने ग्राहकाची सेवा बंद होती. यात ग्राहकाची कोणतीही चूक नव्हती. शेवटचं वाक्य तो भराभर वाचून गेला. उर्वशीने ते पुन्हा वाचायला लावलं. त्याने वाचलं.

कुणी हसलं नाही. तिला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं. अगदी तेवढंच, आणि ते कागदाची घडी घालेपर्यंत टिकलं. कारण कागद पुढे सरकवताना राजदीप हळू आवाजात, फक्त तिला ऐकू येईल असं म्हणाला,

"फोटो झकास काढला, ताई. मोटर एकदम साफ दिसते. पाणीवाल्यायलेबी देला मी. मले लिहून द्या लागलं न, कोन पिन काढत होतं ते."

घराकडे येताना चाचींची पडवी लागली. डब्याच्या जागी भिंतीला चार भोकं होती, आणि फळीवर मिठाची बरणी तशीच होती. चाची दारात गहू निवडत बसल्या होत्या. डबा गेला तशी त्यांच्याकडची फुकटची लाइनही गेली होती, आणि गझाला आता छतावर जाऊन मोबाइल वर धरून बसायची. चाचींनी सुपातून मान वर केली.

"आता बराबर चालते न बेटा तुह्यं नेट?"

"हो, चाची."

"बरं झालं. आता पिन काढाची कटकट नाई माह्यामागं."

उर्वशी क्षणभर थांबली. घडी केलेला कागद तिच्या हातात होता. चाचींनी तो पाहिला आणि सुपात परत मान घातली. उर्वशी पुढे गेली. संध्याकाळी तिने पत्र स्कॅन करून हैदराबादला पाठवलं. तासाभरात उत्तर आलं : तीस एप्रिल, सकाळी अकरा.

पाणीवाल्यांची जीप यायला अजून आठ दिवस होते. मोटर घरात घेऊन ठेवा, एवढं एक वाक्य सांगायला भिंतीपाशी जावं लागलं असतं. तेही नाही, अंगणातून हाक मारली तरी पुरली असती. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरं वाक्य यायचं, 'तुला कसं माहीत', आणि मग फोटोचं सांगावं लागलं असतं. वीस तारखेला पाणी आलं, पंचवीसला आलं. दोन्ही वेळा मोटर घरघरली, ड्रम काठोकाठ भरला आणि राउटरवरचे चार दिवे हिरवेच राहिले. वहीत तिने दोन्ही वेळा शून्य लिहिलं.

सत्तावीसला जीप आली. मन्सूरचाचा दुकानात होते. चौदा घरांतलं एकच घर जीपवाल्यांनी गाठलं, सरळ पडवीत शिरले, मोटर उचलली, चाचींचा अंगठा घेतला. पुन्हा लावली तर नळच कापू, असं जाताना सांगून गेले. मग बाकीच्या तेराही घरांनी आपापल्या मोटरी उचलून आत ठेवल्या. संध्याकाळी चाची भिंतीपलीकडून आईशी बोलल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"फोटो होता म्हने त्यायच्यापाशी. माह्या हाताचा. बांगड्या पाहून सांगतलं मले, हा तुमचाच हात हाय म्हनून."

आईने हातातली बादली खाली ठेवली. थोड्या वेळाने ती उर्वशीच्या खोलीत आली. टेबलावर तक्रारीची फाइल पडलेली होती. फोटोची छापलेली प्रत त्यात वरच होती, लाल वर्तुळासकट. आईने फडक्याने टेबल पुसलं. फाइल उचलली, खालची जागा पुसली, फाइल मिटून होती तिथंच ठेवली. मग दार ओढून घेऊन स्वयंपाकघरात गेली.

रात्री वडिलांचा फोन आला तेव्हा आई फोनवर एवढंच म्हणाली की, बुधवारी, पाण्याच्या दिवशी, डबे चौदाच देईन म्हणून सांगून ठेवलं आहे.

तीस एप्रिलला अकराला दहा कमी असताना उर्वशीने राउटर पाहिला. चार हिरवे. तिने इस्त्रीचा कुडता घातला, केस मागे बांधले, खुर्ची खिडकीच्या उजेडात घेतली. मागच्या अंगणात आई ड्रमजवळ बसली होती. त्यांच्याच नळाला लावलेला पाइप तिने हाताने ड्रमात धरला होता. उर्वशी दाराशी आली तेव्हा आईने मान न वळवता म्हटलं,

"तू आत बस."

तेच तिघे होते. बाईंनी आधी पत्राबद्दल विचारलं, मग म्हणाल्या, तुम्ही बर्फाबद्दल सांगत होतात. उर्वशीने सांगितलं. एक टोक अशा ठिकाणी ठेवावं लागतं जिथलं तापमान आपल्याला नक्की माहीत आहे. नाही तर दुसऱ्या टोकाला काय मोजलं ते सांगता येत नाही. त्यांनी आणखी विचारलं, तिने आणखी सांगितलं. बोलता बोलता मधेच ती दोन सेकंद थांबली. घरात फार शांत होतं. भिंतीपलीकडे काही घरघरत नव्हतं. तिघेही थांबले आणि बाईंनी विचारलं, आवाज येतोय ना आमचा. ती म्हणाली, येतोय, अगदी नीट येतोय.

मुलाखत अडतीस मिनिटं चालली. शेवटी बाई हसल्या आणि म्हणाल्या की, पंधरा दिवसांत कळवू, पण तुम्ही सामान बांधायला हरकत नाही.

ती बाहेर आली तेव्हा नळ थांबला होता. आई अजून ड्रमजवळ होती, पाइप तिच्या मांडीवर होता.

"झालं?"

"झालं."

आई उठली, पाइप गुंडाळला, खुंटीला अडकवला आणि आत डबे भरायला गेली. भिंतीच्या खाचेत आज पाइप नव्हता. पलीकडे कुणी तरी भांडं घासत होतं, कमी पाण्यात घासतात तसं, थांबून थांबून.

निळा ड्रम दोनशे लिटरचा होता, अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर उंच. उर्वशीने खोलीतून मोजपट्टी आणली, वाकून ती तळापर्यंत उभी सोडली, बाहेर काढली आणि ओल कुठवर आली ते उजेडात धरून पाहिलं. मग ती वहीजवळ गेली आणि पेनाने नवी ओळ लिहिली.

तीस एप्रिल. खंड : शून्य. ड्रम : सतरा सेंटिमीटर.